कालमणी आणि राणीची पांढरी बट

एका राज्यात सूर्य रोज उगवे, झाडांना फळे धरत, पण माणसांचे वय पुढे सरकत नसे. राजा प्रतर्दनाने करालभट मांत्रिकाचा कालमणी लुटून आणला होता. तेव्हा मांत्रिकाने शाप दिला, "मणी तुझ्या घरी असेतो तुझ्या राज्यात कुणी वाढणार नाही."

लोकांना तो शाप वरदानच वाटला. राणी पद्माक्षीचे मूल मात्र पाळण्यातून उतरेना. वर्षे उलटली, तरी अंगाई तीच.

एके सकाळी राणीने बागेतल्या बोलक्या मैनेला विचारले, "यावर उतारा काय?"

"मणी निळ्या डोहात टाकावा. वाटेत तिघे राखणदार आहेत, ते मागतील ते द्यावे. दिलेले परत मिळणार नाही."

राणीने मणी पदरात बांधला. राजा म्हणाला, "म्हातारी होऊन परतलीस तर?"

"तर म्हातारीला दार उघडावे, महाराज."

रानात अजगर आडवा आला. "केसांचा काळेपणा दे."

"सगळा?"

"पोटापुरता." त्याने जीभ फिरवली आणि कानशिलावरची एक बट पांढरी झाली.

घाटात दगडी बैल बसला होता. त्याने गुडघ्यांतली उडी मागितली. तिने दिली. पुढच्याच चढणीला गुडघा कुरकुरला.

कड्यावरच्या गिधाडाने जवळची नजर मागितली. राणीने तीही दिली. तळहातावरच्या रेषा धूसर झाल्या, पण पलीकडच्या डोंगरावरची शेळी न् शेळी लख्ख दिसू लागली.

कड्याखाली, खूप खोल, निळा डोह होता. त्यात तिला आपली छबी दिसली. पांढरी बट, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या, हनुवटीखाली सैल पडलेली कातडी. ही बाई तिच्या ओळखीची नव्हती.

पदरातला मणी कुजबुजला, "मला ठेव. हे सारे पुसून टाकतो."

राणीने पांढरी बट कानामागे सारली. मग म्हणाली, "माझ्या लेकराला वाढायचे आहे." आणि तिने मणी डोहात भिरकावला.

ती परतली तेव्हा राजधानीत एकच गलबला होता. पोरींचे परकर आखूड झाले होते, पोरांचे आवाज फुटले होते, न्हाव्यांना उसंत नव्हती. राजा वेशीपर्यंत सामोरा आला. त्याला पोट सुटले होते.

"आमच्या मिशा पाहिल्यास?" त्याने संकोचून विचारले.

"लांबूनच पाहिल्या. पांढऱ्या शोभतात तुम्हांला."

तेवढ्यात बाळराजे रांगत आले आणि आईच्या बोटाला कडकडून चावले. राणीने त्याला उचलून जवळ घेतले, तर सारे धूसर. मग तिने त्याला दोन्ही हातांनी लांब धरले. गुलाबी हिरडीत तांदळाच्या कणीएवढा एक दात होता. राणी हसता हसता रडली.

त्या राज्यात पुढे जो तो आपापल्या वेळी वाढला आणि आपापल्या वेळी पिकला. तसे वाढते वय तुम्हांआम्हांलाही हसतेखेळते लाभो.