गोजराबाईची गुलचांदणी

निवळेवाडीत दिवेलागणीला शिरलात, तर गाव आधी नाकाला कळतं. प्रत्येक अंगणातल्या मांडवावर गुलचांदणीची पांढरी फुलं उघडलेली असतात, लांब देठाची, कर्ण्यासारखी. पाहुणे विचारतात, "एवढी हौस सगळ्या गावाला कशी?" हौस कसली, तो मान आहे. आमच्या गोजराबाईचा.

सात-आठ पिढ्यांपूर्वीची गोष्ट, असे सांगतात. गोजरा ही तात्याबा माळ्याची लेक. कुण्या गोसाव्याने तिला मूठभर बिया दिल्या म्हणे. दोन वर्षं तिने पेरल्या, एकही उगवली नाही. बी खड्यासारखं टणक. लोक हसले. तिसऱ्या वर्षी तिने एकेक बी पाट्यावर घासलं, रात्रभर पाण्यात ठेवलं, मग पेरलं. आठवड्याच्या आत कोंब वर आले. न घासता पेरणारा आमच्यात अजूनही आळशी ठरतो.

वेल मोठी शहाणी निघाली. गाई गल्लीत शिरायची वेळ झाली, की कळी उघडायची. गोजरा तिच्याकडे बघूनच दिवा लावी.

पुढे मार्गशीर्षात गोजराचं लग्न ठरलं, गोरज मुहूर्तावर, म्हणजे गाई घरी परततात त्या घटकेला. नवरामुलगा तिला मनापासून आवडला होता. पण सासरे रायाजी भारी कर्मठ. मुहूर्त चुकला तर वरात परत, असं त्यांनी आधीच बजावलेलं.

नेमकं त्या दिवशी अवकाळी आभाळ भरून आलं. सूर्य दिसेना. जोशीबुवांनी वेळ मोजायला बुडाला भोक असलेलं तांब्याचं घटिकापात्र पाण्यात सोडलं होतं. उतावळ्या वऱ्हाडाने अक्षता आधीच उधळल्या, त्या पात्रात पडल्या आणि ते भलत्याच वेळी बुडालं. आता वेळ सांगणार कोण? जोशीबुवांनी कपाळाला हात लावला आणि रायाजी जायला उठले.

तेव्हा गोजरा म्हणाली, "माझी येल सांगंल की!"

सगळं वऱ्हाड वेलीपाशी गोळा झालं. डोळ्यांदेखत कळी थरथरली, तिचा पीळ सुटला, फूल उघडलं. जोशीबुवा "सावधान" म्हणाले, अंतरपाट दूर झाला, गळ्यात माळा पडल्या.

पंगत बसली, पहिला घास कालवला, आणि तेव्हा कुठे गाईंच्या घंटा वाजल्या! आभाळ अंधारलं म्हणून वेल फसली होती, वेळेआधीच फुलली होती. सगळ्यांचे हात पानातच राहिले.

"हे लगीन झालंच न्हाई," रायाजी म्हणाले.

गोजरा पुढे झाली. "मामंजी, त्ये फूल परत मिटवून दावा. मिटलं, की मी माळ उतरवते."

म्हातारा खरोखरच उठून वेलीपाशी गेला म्हणे. फुलाकडे बघत बराच वेळ उभा राहिला. मग परत येऊन पानावर बसला.

"फूल येळंवरच आलं," तो म्हणाला. "उशीर गाईंनी केला. वाढा!"

आजही आमच्याकडे गोरज मुहूर्ताचं लग्न असलं, की गुराखी गाई ओढ्यापलीकडे अडवून धरतात. इकडे फूल उमललं, की कुणीतरी माळवदावरून हाक देतं, "सोडा रं!" आणि गाई गावात येतात. निवळेवाडीत अजून एकाही लग्नाचा मुहूर्त चुकलेला नाही.