मधल्या ओळी

रानात पळसाच्या पानावर पत्रं यायची, त्या काळची ही गोष्ट. पुरामुळे नदीपलीकडे गेलेले पक्षी आणि मुंग्या तिकडे एकाच झाडावर राहायचे, एकाच पानावर लिहायचे. त्यामुळे पक्ष्यांच्या भाषेतल्या पत्रात मध्येच मुंग्यांच्या भाषेतल्या ओळी असायच्या.

तळ्यातलं म्हातारं कासव वाचणारे घडवायचं. कुठल्याही भाषेचे नियम सांगा, ते वाचणारा तयार करून देई. त्यानं साळुंकीला पक्ष्यांची भाषा वाचायला शिकवली आणि अलीकडे राहिलेल्या एका मुंगीला मुंग्यांची. मुंग्यांच्या ओळींच्या आधी आणि नंतर एकेक खूण असायची; पहिली आली की साळुंकीनं तिथं पाय ठेवून थांबायचं. मुंगीनं तेवढं वाचून पुढच्या खुणेपाशी गप्प व्हायचं. एक वाचत असताना दुसरीनं कानात शेवरीचा कापूस घालायचा, नाहीतर नियम एकमेकांत मिसळतील, अशी कासवाची सक्त ताकीद होती.

एकदा पत्र ऐकायला जमलेल्यांसमोर मुंगीनं वाचलं, "आमचं वारूळ पुन्हा उभं राहिलं." तिथं पुढची खूण आली आणि तिनं कानात कापूस घातला.

ऐकणारे पांगल्यावर ती म्हणाली, "साळूताई, माझ्या बहिणी परत येणार का गं? मी आजवर एकाही पत्राचा शेवट ऐकला नाही."

साळुंकी म्हणाली, "शेवट मी वाचते. पण ऐकणारे रडतात ते तुझ्या ओळींना. काय असतं गं त्यांत?"

दोघी कासवाकडे गेल्या. "आजोबा, तुम्हाला दोन्ही भाषा येतात. अख्खं पत्र कसं असतं?"

कासवानं मान जराशी आत घेतली. "नियम येतात, पोरींनो. पत्र मला कधी कुणी पाठवलंच नाही."

परतताना साळुंकीनं पळसाचं एक कोरं पान तोडलं. सुरुवात तिनं लिहिली, आणि मध्ये मुंगीसाठी जागा सोडली.