ही माझी सायकल नव्हं

"मग खोटं कोण बोलतंय, आक्का? ते, की मी?"

आक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुपातला एक खडा उचलला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि अंगणात टाकला.

"आदी बस तरी," त्या म्हणाल्या.

शशिकांतराव बर्गे बसले नाहीत. बसायचं तर हातातली सायकल कुठंतरी टेकवायला हवी होती, आणि रंगाला ओरखडा लागणार नाही अशी जागा त्यांना मठात दिसत नव्हती. शेवटी त्यांनी गळ्यातला मफलर काढला, ओट्याच्या कडेवर घातला आणि त्यावर सायकल टेकवली. दोनदा मागं वळून खात्री केली. मग बसले.

मी या मठाचा आचारी. माणसं टेकडी चढून येतात, आक्कांना मनातलं विचारतात, आणि चूल ओट्याला लागूनच असल्यामुळं मला ते सगळं ऐकू येतं. कान बंद करून भाकरी थापता येत नाही.

शशिकांतराव आमचे नेहमीचे. खाली गावात पतसंस्थेत अधिकारी आहेत. माणूस हुशार, मनानं चांगला, पण जुन्या वस्तूंचं भलतंच वेड. आमची घंटा कुठल्या धातूची आणि समई कुठल्या काळातली, हे त्यांनी आम्हाला कुणी न विचारता सांगून ठेवलंय. एकदा म्हणाले, तुमची कढई फार जुनी आहे, ती चुलीवर ठेवत जाऊ नका. त्या दिवशी मी त्यांच्या चहात साखर घातली नाही.

सायकल मात्र देखणी होती, हे मान्य करायला हवं. गेअरची, जाड टायरची, डोंगरात चालवायची विलायती सायकल. आरशासारखा निळा रंग. येताना मी त्यांना वरून पाहिलं होतं. शेवटच्या वळणावर खडी पसरलीय. खडा उडून रंगाला लागेल म्हणून त्यांनी तिथं सायकल खांद्यावर घेतली. डोंगरासाठी केलेली सायकल डोंगरात माणसाच्या खांद्यावर बसून वर आली. मला हसू फुटत होतं, पण मी पीठ मळत राहिलो.

"हां, आता सांग," आक्का म्हणाल्या. "कोण खोटं बोलतंय?"

"आप्पा."

आप्पा म्हणजे त्यांचे वडील, दौलतराव. वीज खात्यात लाइनमन होते. अलीकडं त्यांना काही आठवत नाही. नातवाला भाऊ म्हणतात, जेवून हात धुतला की पुन्हा ताट मागतात.

"सगळं विसरले, आक्का. पण सायकल तेवढी विसरत नाहीत. ऊन उतरलं की सुरू. माझी सायकल कुठाय? माझी सायकल कुठाय?"

"हीच का ती?"

"हीच. मी लहान असताना एक गोरा माणूस सायकलवरून गोव्याला चालला होता. आमच्या गावात तापानं पडला. आप्पांनी घरी ठेवून घेतलं, बरा केला. जाताना तो सायकल देऊन गेला. पुढं निवृत्त होईपर्यंत आप्पा हिच्यावरूनच कामाला जायचे. नंतर गोठ्यात पडून गंजली."

"बरं."

"मी म्हटलं, आपण ती पुन्हा उभी करू. एकेक भाग कुठून कुठून मागवला. ब्रेक, गेअर, सगळं त्या काळातलं. रंग त्या गोऱ्याच्या फोटोवरून जुळवला. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा जशी असेल तशीच आहे आता. एक स्क्रू इकडचा तिकडं नाही."

सांगता सांगता त्यांचा चेहरा उजळला. मग एकदम उतरला.

"रोज हिच्यावरून ऑफिसला जायचं, आणि आप्पांनी दारात बसून मला जाताना बघायचं... एवढंच मनात होतं."

"मग?"

"त्यांच्यापुढं उभी केली. हात फिरवला आणि म्हणाले, ही माझी नव्हं."

आक्कांनी आणखी एक खडा बाजूला काढला.

"रोज तेच. सांगाड्याखाली कोरलेला नंबर दाखवला, फोटो दाखवले. ओरडलोसुद्धा. ते म्हणतात, माझी सायकल तू विकलीस. आणि शोधायला निघतात. परवा हायवेवर सापडले. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून, नाहीतर..."

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"काल मी दाराला बाहेरून कडी लावली, आक्का. स्वतःच्या बापाला. ते आतून दार वाजवत होते, आणि मी बाहेर सायकल पुसत होतो."

सुपावरचा आक्कांचा हात थांबला.

...

"तुम्ही एकदा घरी या," शशिकांतराव म्हणाले. "तुमचा शब्द ते मानतील. एवढंच सांगा त्यांना, दौलतराव, हीच तुमची सायकल. ती त्यांना पटली की हे शोधणं थांबेल. कडी लावावी लागणार नाही."

आक्का उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवत, सावकाश. सायकलीपाशी गेल्या आणि तिच्याभोवती एक फेरी मारली. सायकलीतलं त्यांना काही कळत नाही, आयुष्यात कधी बसलेल्या नाहीत. गेअरच्या साखळीकडं बघून म्हणाल्या, "हे समदं फिरतं व्हय?"

"हो."

"लई देखणी केलीस रं."

शशिकांतराव थोडे सावरले. कौतुकानं माणूस सावरतोच.

"त्यो हात कसा फिरवतो?" आक्कांनी विचारलं.

"कसा म्हणजे... असाच. सगळे फिरवतात तसा."

"त्येच्यावानी फिरवून दाव."

शशिकांतराव उठले. कपाळाला आठी होती, पण आक्कांना नाही म्हणायची सोय नाही. त्यांनी हँडलवर हात ठेवला. मग हात मागं सरकवत हँडल आणि सीटच्या मधल्या दांडीवर आणला. दांडीच्या मध्यावर येऊन हात थांबला. बोटं थोडी वर उचलली गेली, काहीतरी धरायला जावीत तशी, आणि पुन्हा दांडीवर टेकली.

"हितंच थांबतो?"

"रोज इथंच. रंग तपासत असतील."

"रंग हातानं तपासत्यात व्हय?"

मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरलो.

"हितं काय हुतं?" आक्कांनी विचारलं.

"काही नव्हतं. म्हणजे मूळचं काही नव्हतं. आप्पांनी नंतर हिच्यावर बरंच काय काय चढवलं होतं. मागं कॅरिअर, तारेचं भेंडोळं अडकवायला हूक, चिखल उडू नये म्हणून पत्रे. सगळं गावच्या वेल्डिंगवाल्याकडून, ओबडधोबड. मी ते कापून घेतलं. घासून असं साफ केलं की कुठं काय होतं ते कळतही नाही."

यातही थोडी फुशारकी होतीच. जित्याची खोड, दुःखातसुद्धा सुटत नाही.

"त्ये कळलं," आक्का म्हणाल्या. "हितं काय हुतं?"

शशिकांतरावांचा हात अजून दांडीवरच होता. त्यांनी त्या हाताकडं पाहिलं.

"सीट होती," ते म्हणाले. "छोटी. फळीची. वर गोणपाट गुंडाळलेलं, आणि खाली पाय ठेवायला दोन खुंट्या..."

"कुणाची?"

...

"माझी."

शशिकांतरावांनी दांडी मुठीत धरली.

"शाळेत सोडायचे मला. आमच्या घराकडचा चढ मोठा आहे. चढ लागला की म्हणायचे, शशी, तू बी जोर लाव. मी हँडलला धरून दात ओठ खाऊन जोर लावायचो. मला खरंच वाटायचं, माझ्यामुळंच सायकल चढते. उतारावर डाव्या हातानं मला धरायचे. इथं. पोटाशी."

मग त्यांना रडू आलं. मोठा माणूस, पतसंस्थेत ज्याला सगळे दबकून असतात, तो सायकलीच्या दांडीला धरून लहान पोरासारखा रडला. तव्यावरची भाकरी कधीच करपली होती.

आक्कांनी त्यांना रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही, पाणी दिलं नाही. मीच तांब्या नेऊन ठेवला.

"कोण खोटं बोलतंय, इचारत हुतास," बऱ्याच वेळानं आक्का म्हणाल्या. "कुणीच न्हाई."

शशिकांतरावांनी मान हलवली. तोंडावर पाणी मारलं. मग त्यांच्यातला जुना माणूस जागा झाला, आणि ते भराभर बोलू लागले.

"मी पुन्हा करून घेतो, आक्का. सगळं. तो वेल्डिंगवाला अजून आहे, त्याला आठवत असेल. तशीच फळी, तसंच गोणपाट. मापं काढता येतील. एका महिन्यात होती तशी..."

"आन मग?"

"मग ते ओळखतील."

"सीटवर कोण बसणार?"

शशिकांतरावांनी दांडीवरचा हात काढून घेतला.

"तू चाळिशी वलांडलीस," आक्का म्हणाल्या. आवाजात जरासुद्धा धार नव्हती. "त्यो हात फिरवणार. फळी लागंल हाताला. पोरगं लागणार न्हाई. म्हननार, ही बी माझी नव्हं."

अंगणात चिमण्या उतरल्या होत्या. आक्कांनी टाकलेल्या खड्यांमधून तांदळाचे दाणे शोधत होत्या.

"म्हणजे ती सायकल आता मिळायचीच नाही," शशिकांतराव हळूच म्हणाले.

आक्का परत सुपापाशी येऊन बसल्या.

"मिळायची नाही, आणि ते शोधायचं थांबवणार नाहीत. बरोबर ना?" शशिकांतरावांनी विचारलं. "मग मी करू काय? आजही कडी लावूनच आलोय. घरी गेलो की दार उघडावं लागणार. ऊन उतरलं की ते निघणार."

"निगू दे."

"एकटे? त्या रस्त्यावर?"

...

आक्कांनी सूप पाखडलं. एकदा, दोनदा. कोंडा उडून त्या निळ्याशार रंगावर बसला. शशिकांतरावांनी तो पाहिला, पण पुसायला उठले नाहीत.

"आक्का, तुम्ही मला सांगा काहीतरी. मला खरंच कळत नाही आता."

"वेल्डिंगवाला हाय म्हंतोस न्हवं?"

"आहे."

"मग जाता जाता मागं येक कॅरिअर बसवून घे, घट्ट. घरी जाऊन कडी काढ. आप्पाला मागं बसीव... आन दोघं मिळून त्येची सायकल हुडका."