ठकूबाईचं टाकं

फार वर्षं झाली. या घाटात तेव्हा चाकाचा रस्ता नव्हता. कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून वर यायचं आणि वरची ज्वारी बैलांच्याच पाठीवरून खाली जायची. त्या तांड्याच्या पुढं चालायची ठकूबाई वंजारीण. असं म्हणतात, की तिनं या डोंगरावर हाक दिली की त्या डोंगरावरचे बैल माना वळवायचे.

घाट उभा चढाचा. नदी पार खाली दरीत, आणि वाटेवर पाणी एकच, माथ्यावरच्या घाटनायकाच्या हौदात. एका उन्हाळ्यात नायकानं दवंडी पिटवली, माणसाला ओंजळभर पाणी मिळेल, जनावराला थेंब नाही.

ठकूबाईचा म्होरक्या बैल पाखऱ्या हौदाशी पोचला तो जीभ बाहेर टाकूनच.

"नायका, माझ्या वाटणीचं याला पाज."

नायक मिशीत हसला. "बैलाचा एवढा पुळका? मग जा, डोंगराकडं माग."

"डोंगराकडंच मागते. पण तो देईस्तोवर मिठाची एक गोण वर यायची नाही."

ती तांडा घेऊन माघारी फिरली आणि अर्ध्या घाटातली अरुंद खिंड बैल बसवून तिनं अडवली. तांड्यातल्या बायामाणसांनी नदीवरून घागरी चढवल्या, बैलांना घोट घोट पाजलं. पाखऱ्या मात्र एका कातळाला नाक लावून बसला, तो उठेना. ठकूबाईनं तिथंच पहार मारली.

"मावशे, दगडाला कुठं आचळं असतात का?" तांड्यातले गडी हसले.

"असतात की. पिळणारा लागतो."

पहारी वाकल्या, हाताची सालटी निघाली, पण ती हटली नाही. मग असं म्हणतात, की पाखऱ्या उठला, त्यानं कातळात शिंग घातलं, आणि कातळ ढोलासारखा घुमून फुटला. फुटल्या जागी टाकं झालं. पाणी आलं, पण गाळ घेऊन.

इकडं नायकाच्या घरी आमटी आळणी, भाकरी आळणी. तिखट राहिलं ते फक्त नायकिणीचं तोंड. शेवटी नायक माणसं घेऊन खाली उतरला.

"घाट माझा, तर पाणीही माझं!"

"घे की," ठकूबाई म्हणाली. "आधी गाळ, मग पाणी."

नायकानं तिला बाजूला सारून घागर बुडवली. असं म्हणतात, पाणी तळाला गेलं. पुन्हा बुडवली, पाणी आणखी खाली. सारा तांडा बघत होता. अखेर नायकानं धोतर खोचलं, टाक्यात उतरून टोपलंभर गाळ उपसला, तसं पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं. त्यानं घागर तोंडाला लावली, तर ठकूबाईनं हात आडवा घातला.

"पहिली घागर पाखऱ्याची."

आणि घाटाच्या नायकानं बैलापुढं घागर धरली.

त्या दिवशी मीठ वर गेलं.

ठकूबाई गेली, नायकही गेला. खिंडीतून आता डांबरी रस्ता जातो. पण एस.टी. अजून टाक्याशी थांबते, आणि प्यायच्या आधी ड्रायव्हर-कंडक्टरसुद्धा टोपलंभर गाळ काढतात. सासरी निघालेली नवरीही शालू खोचून टाक्यात उतरते. मागं एक साहेब आले होते. म्हणाले, हे टाकं बुजवा, आम्ही टँकर पाठवू. गावच्या म्हातारीनं त्यांच्या हातात टोपलं दिलं.

"आधी गाळ, साहेब."

साहेबांनी बूट काढले. टाकं आहे तिथंच आहे, आणि पहिली घागर अजून जनावराची.