चुंई आणि दोन तोट्या

पाय आत घ्या. कान इकडे द्या. ही गोष्ट एका चिचुंद्रीची आहे, आणि ही चिचुंद्री म्हणजे महासंशयी बाई.

तिचं नाव चुंई. नाक लांब, डोळे बारीक. कुठेही गेली की आधी हुंगायची. हुं हुं, हुं हुं. भाकरी हुंगायची. फूल हुंगायची. स्वतःची सावलीसुद्धा हुंगायची.

चुंईला एक पिल्लू होतं. ते आईची शेपटी तोंडात धरून चालायचं. पुढे आई, मागे पिल्लू. तुरुतुरु, तुरुतुरु.

अंगणवाडीच्या मागे होता संडास. संडासाशेजारी नळ. नळाखाली करवंटी. मुलं हात धुवायची, चार थेंब करवंटीत पडायचे. चुंई प्यायची. पिल्लू प्यायचं.

एक दिवस बघते तर काय, करवंटी रिकामी. कोरडी ठण्ण. संडासाला भलंमोठं कुलूप. पाणीच नाही, म्हणून ताईंनी संडास बंद केला. मुलं आपली चड्डी धरून लांब झाडीत पळतायत.

पिल्लू म्हणालं, "आई, तहान."

चुंईने हुंगलं. हुं हुं, हुं हुं.

"काहीतरी गडबड आहे," ती म्हणाली. "चल, शोधू."

तुरुतुरु, तुरुतुरु. चुंई गेली नळाकडे.

"नळा नळा, वाहतोस का?
पिल्लाला तहान,
करवंटी रिकामी,
संडासाला कुलूप."

नळ म्हणाला, "फुस्स. मी नाही वाहत."

"का नाही वाहत?"

"टाकी पाणी सोडत नाही. तिलाच विचार. एकटीच पीत बसली असेल."

हुं हुं, हुं हुं. काहीतरी गडबड आहे.

तुरुतुरु, तुरुतुरु. चुंई गेली टेकाडावर, टाकीकडे.

"टाकी टाकी, पाणी सोडतेस का?
पिल्लाला तहान,
करवंटी रिकामी,
संडासाला कुलूप,
नळ वाहत नाही."

टाकी म्हणाली, "डुबुक. मी नाही सोडत."

"का नाही सोडत?"

"माझं पोट भरलंय गं. पण सोपानकाका चावी फिरवत नाहीत. का फिरवत नाहीत, कोण जाणे. मला तर लक्षण बरं दिसत नाही."

हुं हुं, हुं हुं. काहीतरी गडबड आहे.

तुरुतुरु, तुरुतुरु. टाकीखालच्या पायरीवर सोपानकाका बसले होते. गावाला पाणी सोडायचं काम त्यांचं. मांडीवर लांब लोखंडी चावी, कपाळाला आठ्या.

"काका काका, चावी फिरवता का?
पिल्लाला तहान,
करवंटी रिकामी,
संडासाला कुलूप,
नळ वाहत नाही,
टाकी पाणी सोडत नाही."

काका म्हणाले, "ह्यॅ. मी नाही फिरवत."

"का नाही फिरवत?"

"वरच्या आळीच्या पारूमावशीने नळाची तोटी काढून ठेवलीय. तोटी नाही, तर नळ बंद कसा होणार? हंडा भरला तरी धो धो चालूच. सगळं पाणी रस्त्यावर. म्हशी त्यात बसतात आणि अंगणवाडीपर्यंत थेंब पोचत नाही. आधी तिने तोटी लावावी."

हुं हुं, हुं हुं. काहीतरी गडबड आहे.

पिल्लू म्हणालं, "आई, पाय दुखतात. जीभ चिकटते." पण थांबून कसं चालेल? तुरुतुरु, तुरुतुरु. चुंई गेली वरच्या आळीत.

"मावशी मावशी, तोटी लावतेस का?
पिल्लाला तहान,
करवंटी रिकामी,
संडासाला कुलूप,
नळ वाहत नाही,
टाकी पाणी सोडत नाही,
काका चावी फिरवत नाहीत."

पारूमावशी म्हणाली, "छे बाई. मी नाही लावत."

"का नाही लावत?"

मावशीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "खालच्या आळीची ठकूआजी तोटी लावत नाही. मी लावली की सगळं पाणी तिच्याकडे. मी काय आज ओळखते तिला? आधी तिने लावू दे."

चुंईने मावशीचा पदर हुंगला. हुं हुं. गाठीत पितळेचा वास. तोटी पदरातच होती.

तुरुतुरु, तुरुतुरु. चुंई गेली खालच्या आळीत.

"आजी आजी, तोटी लावतेस का?
पिल्लाला तहान,
करवंटी रिकामी,
संडासाला कुलूप,
नळ वाहत नाही,
टाकी पाणी सोडत नाही,
काका चावी फिरवत नाहीत,
मावशी तोटी लावत नाही."

ठकूआजी म्हणाली, "अंहं. मी नाही लावत."

"का नाही लावत?"

आजीने दार लोटलं. मग हळूच म्हणाली, "वरच्या आळीची पारू तोटी लावत नाही. मी लावली की सगळं पाणी तिच्याकडे. मी काय आज ओळखते तिला? आधी तिने लावू दे."

चुंईने तांदळाचा डबा हुंगला. हुं हुं. डब्यातही पितळेचा वास.

आता आली का पंचाईत? मावशी म्हणते आधी आजी. आजी म्हणते आधी मावशी. आणि मधल्यामध्ये पिल्लू मटकन खाली बसलं. शेपटी तोंडातून सुटली.

चुंई रडली नाही. चुंईने विचार केला. संशय म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

ती आजीला म्हणाली, "आजी, तुझी तोटी तुझ्या नळाला लावूच नकोस."

"मग?"

"पारूमावशीच्या नळाला लाव. आपल्या हाताने लाव. घट्ट आवळ. मग तिला तोटी काढून सगळं पाणी ओढता येईल का?"

आजीचे डोळे चमकले. "नाही की गं."

तुरुतुरु, तुरुतुरु. चुंई धावली वर. मावशीलाही तेच म्हणाली. "मावशी, तुझी तोटी ठकूआजीच्या नळाला लाव. आपल्या हाताने लाव. घट्ट आवळ."

मावशीने पदराची गाठ सोडली. आजीने तांदळातून तोटी काढली. एक निघाली खाली, एक निघाली वर. वाटेत समोरासमोर आल्या. हिने तिच्याकडे तिरकं बघितलं, तिने हिच्याकडे तिरकं बघितलं.

मग काय झालं?

मावशीने आजीच्या नळाला तोटी लावली. किर्र किर्र.
आजीने मावशीच्या नळाला तोटी लावली. किर्र किर्र.
काकांनी चावी फिरवली. करकर करकर.
टाकीने पाणी सोडलं. खळखळ खळखळ.
नळ वाहिला. धो धो धो.
ताईंनी कुलूप काढलं. खट.
मुलं आली, शी-शू करून गेली, हात धुतले. चुळुक चुळुक.
करवंटी भरली. टप टप टप.

आणि पिल्लू प्यायलं. पोट टम्म होईस्तोवर प्यायलं. चुंई बघत बसली, तिचे डोळे भरून आले.

पण चुंई ती चुंईच. तिने पाणी हुंगलं. "आज आलं," ती म्हणाली. "उद्या येईल?"

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच बघायला गेली. पाणी होतं. हुं हुं.

तिसऱ्या दिवशी गेली. पाणी होतं. वाटेत मावशी भेटली, आजीची तोटी तपासायला निघालेली. आजी भेटली, मावशीची तोटी तपासायला निघालेली. तपासू देत. दोन्ही तोट्या जागच्या जागी होत्या.

चौथ्या दिवशी चुंई गेलीच नाही. पाय पसरून झोपली. पिल्लू एकटंच गेलं, पाणी प्यायलं आणि परत आलं.

संपली माझी गोष्ट. चला, हात धुऊन या.