हिरवं पागोटं, जांभळा अंगरखा

“येसू, उद्या मला असा पोशाख चढव, की मांडवातल्या एकाही माणसाने नाव ठेवता कामा नये! कोणी ठेवलंच, तर तुझ्या बापाने नदीवरचा घाट सोडायचा!”

वेळूगडच्या भैरवराजांनी हुकूम सोडला आणि परटाच्या येसूच्या हातातली घडी विस्कटली. राजांचे कपडे सांभाळायचं काम तिचं. पण लोकांची तोंडं कशी सांभाळायची?

“महाराज, नावं ठेवायची नाहीत, तर पाहुण्यांनी लग्नाला यायचं कशाला?”

“ते तू बघ!”

राजांचंही चुकत नव्हतं. लग्न राणीसाहेबांच्या माहेरचं. मागे तिथे ते जरीचा अंगरखा घालून गेले, तर बायका म्हणाल्या, “नवरदेव हा की तो?” पुढच्या खेपेला साध्या पांढऱ्या कपड्यांत गेले, तर कुजबुज झाली, “आहेर चुकवायला जावईबापू गरीब झाले!”

“यात पुढे कोण असतं, महाराज?”

“राणीसाहेबांच्या मावशी! मग तिथले कारभारी अप्पाजीपंत. आणि यंदाचे व्याही तर म्हणे उगवत्या सूर्यालाही वाकडा म्हणतात!”

येसूच्या डोळ्यांत चमक आली. राजांचं बिऱ्हाड लग्नघराशेजारीच होतं आणि ही सगळी मंडळी लग्नघरी आधीच उतरली होती. तिने कपड्यांची पेटी उचलली आणि मावशीसाहेबांची खोली गाठली. मग अप्पाजीपंतांची. मग व्याह्यांची. प्रत्येकापुढे पेटी उघडली, हळूच कानात काहीतरी सांगितलं आणि एकेक कपडा निवडून घेतला.

सकाळी राजांनी आरसा पाहिला आणि किंचाळलेच!

“हिरवं पागोटं! जांभळा अंगरखा! वर केशरी शेला! अगं, मी राजा आहे की पोपट?”

“महाराज, आता नुसतं चला.”

राजे मांडवात शिरले. सनईवाला एक सूर चुकला. येसूने पदराचं टोक घट्ट धरलं. मावशीसाहेबांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाल्या, “बाई बाई, पागोट्याने काय रुबाब आलाय!”

“अंगरखा तर बघा!” अप्पाजीपंत पुढे सरसावले.

“शेला! शेल्याला तोड नाही!” व्याही गरजले.

हे तिघं वाखाणतायत म्हटल्यावर बाकीच्यांची काय टाप! जेवणं होईतो दोन सरदार हिरव्या पागोट्यांच्या शोधात बाजारात पळाले होते.

बिऱ्हाडी परतताच राजांनी येसूला बोलावलं. “जादू केलीस की काय?”

“नाही महाराज. तिघांना वेगवेगळं गाठून एकच सांगितलं, ‘मुख्य कपडा आपण निवडा. बाकीचं मी त्याला शोभेल असंच चढवीन. पण कुठे बोलू नका!’ प्रत्येकाला वाटतंय, बाकीचे कपडे आपल्याच कपड्याला जुळवलेत. आता त्यांना नाव ठेवायचं, म्हणजे आपल्याच निवडीला ठेवायचं! कोण ठेवील?”

“आणि सकाळी मी स्वतःच नाव ठेवलं, त्याचं काय?”

“ते मांडवाबाहेर, महाराज!”

राजे इतके हसले, की पागोटं घरंगळून खाली आलं.

“घाट तुझ्या बापाला पिढ्यान्‌पिढ्या दिला! आणि तुला काय हवं?”

“पुढच्या लग्नाला मला सुट्टी द्या!”

राजे पुन्हा खो खो हसले. येसूला सुट्टी तर मिळालीच, वर राजांनी हातातलं सोन्याचं कडंही काढून दिलं.