दाजींची बोलबंदी

"पलीकडच्या वाडीशी बोलायचं नाही आणि का ते विचारायचं नाही," असं मला लहानपणीच बजावलं होतं. यंदा दोन वाड्यांमधल्या वहाळावरचा लाकडी साकव पुरात वाहून गेला. पोरांची शाळा बुडाली, तरी कुणी कुणाशी बोलेना. साकव घालायला तर दोन्ही काठांवर माणसं लागतात. शेवटी मी पाण्यातून पलीकडे गेले आणि विचारलं, "तुमचा राग नेमका कशाचा आहे?"

तिथल्या जनाकाकी म्हणाल्या, "अगो बाय, आजवर हे विचारायला कुणी आलं नाही, त्याचाच!"

मग मी दुपारभर नुसतं ऐकलं आणि निघताना उद्या मिळून साकव घालायचं ठरलं.

संध्याकाळी देवळात बैठक बसली. आमच्या वाडीचे मानकरी, गावकर दाजी राऊळ गरजले, "पुन्हा गेलीस तर वाडीतलं एकही माणूस तुझ्याशी बोलणार नाही!"

"मग अबोला आत्तापासूनच धरा," मी म्हटलं. "कारण उद्या साकवाची लाकडं धरायला मी जाणारच. ज्याला 'जाऊ नको' म्हणायचंय, त्याने आधी बंदी मोडून माझ्याशी बोलावं."

दाजींनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.